राखणदारानेच बाग विकली

माझ्या टिप्परच्या समोरच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत 'यिर्मया २९:११' लिहिलेलं होतं. २००७ साली कर्ज काढून मी तो टिप्पर घेतला. गोव्यातल्या डिचोली तालुक्याच्या पाळी, वेळगे, सुर्ला, कुडणे या पट्ट्यात तेव्हा ज्याच्याकडे गहाण ठेवायला काही होतं, तो टिप्पर घेत होता. चीनला आमची लोखंडाची माती हवी होती. खाणीवरून जेटीपर्यंत जेवढ्या खेपा जास्त तेवढा पैसा जास्त, म्हणून गाड्या रस्त्यावर शर्यत लावत आणि शाळेला निघालेली पोरं कुंपणाला चिकटून उभी राहत. शेजाऱ्यांच्या गाड्यांवर सातेरी देवी होती, गणपती होता. माझ्या गाडीवर यिर्मया. देवाच्या मनात आपल्याविषयी चांगलेच बेत आहेत, एवढाच त्या वचनाचा अर्थ मला ठाऊक होता. आणि चांगलं म्हणजे वेळेवर फिटणारे हप्ते.

२०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. टिप्पर अंगणात उभा राहिला. त्या रिकाम्या दिवसांत मी यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय आयुष्यात पहिल्यांदा सलग वाचला. ते एक पत्र आहे, यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. लवकर घरी परताल या भ्रमात राहू नका, सत्तर वर्षं लागतील, असं अकराव्या वचनाच्या आदल्याच वचनात सांगितलं आहे. म्हणजे ज्यांना पत्र गेलं त्यांतले बहुतेक जण तिथंच मरणार होते. तोवर त्यांनी काय करायचं? घरं बांधायची, बागा लावून त्यांची फळं खायची, आणि ज्या परक्या शहरात दिवस काढायचे त्या शहराचं भलं पाहायचं. बागा लावायला सांगणाऱ्या पत्रातलं एक वचन काचेवर चिकटवून मी पाच वर्षं शेजाऱ्यांच्या कुळागरांवर लाल धूळ उडवत गेलो. पोफळीच्या झावळीवरून बोट फिरवलं तर बोट लाल व्हायचं. ते मला रोज दिसत होतं.

म्हणून हा लेख माझ्याच लोकांविरुद्ध आहे, गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध, आणि त्यांच्यात पहिला मी. आम्ही बायबलवर हात ठेवून शपथ घेतो, लग्नात बायबल भेट देतो, फुलं वाहून ते वेदीवर मांडतो. वाचत मात्र नाही. आणि न वाचलेल्या पुस्तकाच्या नावावर कुणीही येऊन आमच्या गळ्यात काहीही मारतो.

बारीकसारीक चुका मी मोजत बसत नाही. एदेन बागेतल्या फळाला बायबल सफरचंद म्हणत नाही. योनाला गिळणारा देवमासा नव्हे, नुसता मोठा मासा आहे. पौल दिमिष्काच्या वाटेवर घोड्यावरून पडला असं सगळे सांगतात, पण प्रेषितांच्या कृत्यांत घोड्याचा उल्लेखच नाही. ६ जानेवारीला रेईश मागूशला, चांदोरला, कासावली-कुएलीला तीन रायांचं फेस्त होतं, मुकुट घातलेली मुलं राजे होऊन येतात. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात ते राजे असल्याचं लिहिलेलं नाही, तीन असल्याचंही नाही. तीन आहेत त्या भेटवस्तू. ही फेस्तं सुंदर आहेत आणि ती अशीच होत राहावीत. सफरचंदामुळं कुणाची विहीर आटली नाही. मग्दालेच्या मरियेचं प्रकरण मात्र एवढं निरुपद्रवी नाही. इसवी सन ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात तिला लूकच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्याच एका पापिणीशी जोडून टाकलं, आणि चारही शुभवर्तमानांत येशूच्या रिकाम्या कबरीशी हजर असलेली ही बाई चौदाशे वर्षं वेश्या म्हणून रंगवली गेली. लूकनं तसं कुठंही लिहिलेलं नाही. एखादं पान न वाचण्याची किंमत अशी दुसऱ्याच कुणाला तरी द्यावी लागते.

हे अडाणीपण आमच्यात जन्मजात नाही, ते घडवलं गेलं. १५७९ साली इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत रचली. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापलं गेलं, १६५४ पर्यंत त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच्या कानाला गोड लागेल अशा भाषेत शास्त्र ऐकायला मिळावं, ही त्या परदेशी पाद्रीची कळकळ. मग १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयचं फर्मान निघालं की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. इन्क्विझिशनच्या धर्मन्यायालयाची धास्ती आधीपासून होतीच. वेदीवरची भाषा तर १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत लॅटिनच राहिली. माझी शामाय, म्हणजे आजी, रोज दिवेलागणीला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची, लादाईनची प्रार्थना तिला तोंडपाठ होती, पण तिनं बायबल कधी हातात धरलं नाही. तिचा त्यात काय दोष? माझ्या पिढीला ही सबब नाही. रोमी कोकणीत बायबल आहे. मराठीत एकोणिसाव्या शतकापासून आहे, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आहे. आम्ही डिचोलीतली मुलं मराठी शाळेतच अक्षरं गिरवायला शिकलो. वाचता येत नाही असं म्हणायची सोय आम्हाला नाही.

आता खऱ्या भांडणाकडे येतो. ते आमच्या जेवणाच्या टेबलावर सुरू झालं, नाताळच्या दुसऱ्या दिवशी. माझे थोरले काका तीस वर्षं खाणीवर फोरमन होते. मनानं अतिशय चांगले, गावात कुणाच्याही मयताला पहिले हजर. आमच्या विहिरीच्या गढूळ पाण्यावरून विषय निघाला, आणि मी म्हटलं की आपण जे केलं ते पाप होतं. ते शांतपणे म्हणाले, "अरे पुता, पाप कसलं? देवानंच पृथ्वी माणसाच्या ताब्यात दिली आहे. बायबलच्या पहिल्याच पानावर आहे ते." हे त्यांना कुणी शिकवलं? त्यांनी ते एका शेर्मांवात, म्हणजे चर्चमधल्या प्रवचनात, ऐकलं होतं, खाणी जोरात चालू असताना. तेच वाक्य मी नंतर किमान दहा तोंडांतून ऐकलं, आणि २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाल्यावर ते पुन्हा ऐकू येऊ लागलं आहे. म्हणून आज लिहितो आहे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचं अठ्ठाविसावं वचन मी नाकारत नाही. त्यातला हिब्रू शब्द सौम्य आहे असंही मी भासवणार नाही. 'काबाश' म्हणजे दाबून ताब्यात घेणं. त्याच्या जोडीला 'रादा' आहे, म्हणजे सत्ता चालवणं. पण सत्ता कशी चालवायची हे बायबलनं मोघम ठेवलेलं नाही. स्तोत्र ७२ मधला राजा हीच 'रादा' चालवतो, आणि त्याचं काम काय, तर ज्याला कुणी वाली नाही अशा गरिबाच्या हाकेला धावणं. यहेज्केलच्या चौतिसाव्या अध्यायात हाच शब्द पुन्हा येतो. तिथं कळपावर जबरदस्तीनं सत्ता चालवणाऱ्या मेंढपाळांना देव जाब विचारतो. त्या अध्यायाचं अठरावं आणि एकोणिसावं वचन डिचोली तालुक्यातल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसानं मोठ्यानं वाचावं. धष्टपुष्ट मेंढ्या स्वच्छ पाणी आधी स्वतः पिऊन घेतात, उरलेलं पायांनी ढवळून गढूळ करतात, आणि बाकीच्या कळपाला ते पाणी प्यावं लागतं. यहेज्केलनं पाळी पाहिली नव्हती. पण आषाढात आमच्या विहिरीतून काढलेला पाण्याचा तांब्या रात्रभर तसाच ठेवला की सकाळी तळाशी बोटभर लाल गाळ बसलेला असायचा, आणि त्या गाळाबद्दल बायबल काय म्हणतं असं मला कुणी विचारलं तर मी हा अध्याय काढून देईन.

पहिल्याच पानाचा एवढा पुळका असेल तर ते पान तरी पूर्ण वाचा. ताबा देऊन झाल्यावर लगेच पुढच्या दोन वचनांत माणसाला खायला काय दिलं आहे? धान्य आणि फळं. पशुपक्ष्यांनाही हिरवा पाला दिला आहे. म्हणजे त्या ताब्यात जनावर मारून खायचीसुद्धा परवानगी अजून नाही. ती नोहाच्या काळात, नवव्या अध्यायात येते. मासे आणि पक्ष्यांनाही वाढण्याचा आशीर्वाद माणसाच्या आधी मिळालेला आहे. इतक्या मर्यादा घालून दिलेल्या ताब्यातून आम्ही अख्खा डोंगर पोखरायचा परवाना काढला.

आणि पान उलटून दुसऱ्या अध्यायाचं पंधरावं वचन पाहा. माणसाला बागेत कशासाठी ठेवलं? आपल्या मराठी बायबलमध्ये तिथं मशागत आणि राखण हे दोन शब्द आहेत. हिब्रूत राखणीला 'शामार' म्हणतात. दोन अध्यायांनंतर काइन भावाला मारून येतो आणि देवालाच उलट विचारतो की भावाची राखण करणं हे माझं काम आहे का. तिथंही हाच शब्द आहे. गोव्यात राखण म्हणजे काय ते कुणाला समजवावं लागत नाही. गावोगावी राखणदार आहे. तो वेस सांभाळतो, रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, असं आमचे हिंदू शेजारी मानतात, आणि आमच्यातलेही पुष्कळ जण त्याच्या थाऱ्यावर गुपचूप मेणबत्ती लावतात. बायबलनं पहिल्या माणसाची नेमणूक राखणदार म्हणून केली आहे. त्या राखणदारानं बाग खणून टनावर विकली, आणि मालकाची संमती होती असं गावभर सांगितलं.

मालक कोण, हेही लिहून ठेवलेलं आहे. लेवीय २५:२३ प्रमाणे जमीन कायमची विकता येत नाही, कारण ती देवाची आहे; माणूस तिच्यावर फक्त वस्तीला आलेला. आमच्या भाषेत सांगायचं तर आपण कूळ आहोत, मुंडकार आहोत. गोव्यातल्या कुळांना १९६४ च्या कायद्यानं आणि मुंडकारांना १९७५ च्या कायद्यानं भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, लहरीपासून वाचवलं, आणि ते योग्यच झालं, कारण भाटकार जुलमी होते. पण कुळानंच भाटाची माती उपसून जहाजात भरली तर त्याला कोणत्या कायद्याचा आधार? राजानं मागितला तरी बापजाद्यांचा मळा देणार नाही म्हणणाऱ्या नाबोथाची गोष्ट पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. अहाब राजा त्याला त्याहून चांगला मळा किंवा रोख पैसे द्यायला तयार होता. नाबोथ मेला पण त्यानं जमीन सोडली नाही, आणि देव त्याच्या बाजूनं उभा राहिला. माझ्या ओळखीच्या एकाही घरात मी ही गोष्ट मुलांना सांगताना ऐकलेली नाही. योना आणि मासा सगळ्यांना माहीत आहे.

कुणी म्हणेल, म्हणजे बायबल खाणीच्या विरुद्ध आहे का? नाही, आणि मीही लोखंडाच्या विरुद्ध नाही. पावलोपावली लोखंड वापरतो. अनुवाद ८:९ मध्ये वचनदत्त देशाचं वर्णन करताना तिथल्या दगडांत लोखंड आणि डोंगरांत तांबं असल्याचं कौतुकानं सांगितलं आहे. ईयोबाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात तर जुन्या काळातल्या खाणकामाचं एवढं बारीक वर्णन आहे की वाचताना खाणीवर काम केलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो: अंधार हटवत खोल उतरणारी, दोरावर लोंबकळणारी माणसं, मुळापासून उलथलेले डोंगर. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर तो अध्याय विचारतो की या माणसाला शहाणपण कुठल्या खाणीत सापडेल. काकांना मी हा अध्याय वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी ती माणसं पाहिली होती. आमच्याकडे एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. ती डंपवर जाते, डंप पावसात खाली उतरतो, शेतात पसरतो, ओहोळ भरून टाकतो. खड्डा भूजलाच्या खाली गेला की पाणी उपसून बाहेर फेकावं लागतं आणि आजूबाजूच्या बावी आटतात. अनुवादाच्या त्याच आठव्या अध्यायात, लोखंडाच्या कौतुकानंतर थोड्याच वचनांत, घर भरल्यावर मन माजेल आणि हे स्वतःच्या बळानं मिळवलं असं वाटू लागेल, असा इशारा आहे. लोखंडापर्यंत वाचून आम्ही पुस्तक मिटलं.

१९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकारानं 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की निसर्गाच्या नाशाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत. आमच्यातले सुशिक्षित लोक अजून त्या माणसावर रागावतात. मी रागावत नाही. त्यानं आमच्या वागण्याबद्दल लिहिलं ते खरं होतं, आणि वागण्यावरूनच तर लोक आमचं शास्त्र वाचतात. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकाच्या सदुसष्टाव्या परिच्छेदात सरळ कबूल केलं की ख्रिस्ती लोकांनी शास्त्राचा चुकीचा अर्थ लावला होता. त्यांनीही तिथं मशागत आणि राखण या जोडीवरच बोट ठेवलं आहे. पोपनं कबूल केलेली चूक कबूल करायला आमच्या टेबलावर एवढा त्रास का व्हावा?

आमच्या भागात सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते. लहानपणी दोतोर्नला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात, आम्हाला शिकवलं की ती मातीची पूजा आहे, त्या बाजूला पाहायचंसुद्धा नाही. मी वारुळाची पूजा करत नाही, माझी श्रद्धा वेगळी आहे. पण त्या मातीच्या ढिगावर कुणी पाय ठेवत नाही, आणि आमच्या पुस्तकात तर पहिला माणूसच मातीचा आहे. हिब्रूत माणूस 'आदाम' आणि माती 'अदामा'. ज्यांनी मातीला देवी म्हटलं त्यांना आम्ही अडाणी ठरवलं, आणि मातीला देवाची मालमत्ता म्हणणारे आम्ही तिच्यावर टायर घालत गेलो. खाणमालकांत आणि टिप्परवाल्यांत हिंदू नव्हते असं मी म्हणत नाही, भरपूर होते. त्यांचा हिशेब ते पाहतील. मला माझ्या घरातला हिशेब मांडायचा आहे.

दुसरी पळवाट याहून वाईट आहे. जग तर जळूनच जाणार, आपलं खरं घर वर आहे, मग डोंगरासाठी कशाला भांडायचं? गेल्या वीस वर्षांत प्रार्थनेच्या गटांतून हे वाक्य आमच्याकडे पसरलं, आणि मिस्सेला नियमानं जाणारेही ते बोलू लागले. यासाठी दाखवतात ते वचन पेत्राच्या दुसऱ्या पत्रातलं, ३:१०. तिथं पृथ्वी जळून जाईल असं जुन्या भाषांतरांत आहे. पण सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत 'जळेल' असा शब्द नसून 'आढळेल' अशा अर्थाचा आहे. म्हणजे पृथ्वी आणि तिच्यावर आपण केलेली कामं उघडी पडतील. डंप उघडे पडतील. विश्वासणाऱ्यांना ढगांत उचलून नेलं जाईल, हे थेस्सलनीकरांच्या पहिल्या पत्रावरून सांगतात. जगाचे हाल होण्याआधी गुपचूप निसटून जाण्याची ही कल्पना जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकानं एकोणिसाव्या शतकात पसरवली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांनी ती घरोघरी नेली. मूळ वचनात शब्द आहे 'सामोरे'. सायबीण, म्हणजे मरियेची मूर्ती, आपल्या घरी यायची असते तेव्हा आपण काय करतो? मेणबत्त्या घेऊन, लादाईन गात शेजारच्या घरापर्यंत सामोरे जातो आणि तिला आपल्या घरी घेऊन येतो. तिच्याबरोबर गाव सोडून कुणी निघून जात नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातही माणसं वर जात नाहीत, नगर खाली उतरतं, देव माणसांत वस्तीला येतो. आणि त्याच प्रकटीकरणात, ११:१८ मध्ये, पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचं काय होणार हेही लिहिलं आहे. ते वचन कुठल्याही टिप्परच्या काचेवर मी पाहिलं नाही.

तिसऱ्या गोष्टीबद्दल लिहिताना माझा हात थरथरतो. खाणी बंद झाल्या, हप्ते थकले, बँकांच्या नोटिसा आल्या. अशा वेळी एक प्रचारक आमच्या भागात येऊ लागला. त्यानं टिप्परवाल्यांच्या बायकांना सांगितलं की तुमच्या घरात कुणीतरी लपवलेलं पाप आहे, तुम्ही दशांश दिला नाही, म्हणून देवानं हात आखडला. एका घरात खोकल्यानं बेजार झालेल्या मुलाच्या आईला सांगितलं की हा पूर्वजांचा शाप आहे. त्या घराचं अंगण रस्त्याला लागून होतं; पाच वर्षं रोज शेकडो गाड्या त्या अंगणावरून धूळ उडवत गेल्या होत्या, त्यांत माझीही होती. आईनं बांगड्या मोडल्या आणि पैसे दिले.

दशांशासाठी तो मलाखी ३:१० दाखवायचा. त्याच अध्यायाचं पाचवं वचन त्यानं कधी उघडलं नाही. मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा आणि पोरक्यांना छळणारे, परक्याचा हक्क मारणारे, यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्षीला येणार, असं तिथं आहे. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात दशांशाचे नियम आहेत: धान्य, द्राक्षारस, तेल, कळपातली पहिली पिल्लं. तो दशांश देणाऱ्यानं घरच्यांसोबत देवापुढं बसून आनंदानं खायचा, आणि दर तिसऱ्या वर्षी गावात जमा करायचा, ज्यांना जमीन नाही अशा लेव्यांसाठी, परक्यांसाठी, पोरक्यांसाठी, विधवांसाठी. म्हणजे बायबलच्या हिशेबानं त्या बाईला दशांश मिळायला हवा होता. आजार पापामुळं येतो का, हा प्रश्न शिष्यांनी येशूला जन्मांध माणसाबद्दल विचारला होता, योहानाच्या नवव्या अध्यायात, आणि येशूनं नाही असं उत्तर दिलं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती जास्त पापी होती का, याचंही उत्तर लूकच्या तेराव्या अध्यायात तेच आहे. पूर्वजांच्या पापाची शिक्षा पुढच्या पिढ्यांना होते असं निर्गमात आहे, हे खरं. पण यहेज्केलनं त्यावर अठरावा अध्याय अख्खा खर्च करून सांगितलं आहे की बापाचं पाप मुलाच्या माथी मारायचं नाही. एका आजारी मुलाच्या आईपुढं यांतलं काय वाचायचं हे ज्याला कळत नाही, त्यानं बायबल हातात घेऊन लोकांच्या दारात उभं राहू नये.

आणि लोकांनी तोंड उघडलं की आमचे शहाणे रोमकरांचा तेरावा अध्याय काढतात: सत्तेला मान द्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये, खाणी पुन्हा चालू झालेल्या असताना, सत्तरी तालुक्यातल्या सोनशीच्या लोकांनी धुळीला कंटाळून ट्रक अडवले. ४५ जणांना अटक झाली, त्यांत बायकाही होत्या, आणि कित्येक दिवस ते तुरुंगात राहिले. तेव्हा आमच्यातला एक जण मला म्हणाला की ख्रिस्ती माणसानं कायदा मोडणाऱ्यांची बाजू घेऊ नये. कायदा कुणी मोडला होता? सर्वोच्च न्यायालयानं २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितलं की गोव्यातल्या खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती आणि त्यानंतरचं खाणकाम बेकायदेशीर होतं. गोवा फाउंडेशन ही पर्यावरणवादी संस्था कोर्टात गेली म्हणून हे उजेडात आलं. म्हणजे माझ्या टिप्परनं वाहिलेलं जवळजवळ सगळं खनिज हक्काचं नव्हतं. सातव्या आज्ञेत चोरीची मनाई आहे, ती मी दोतोर्नला पाठ केली होती. रोमकरांचं पत्र दाखवायचंच असेल तर ते आधी मला दाखवायला हवं होतं, सोनशीच्या बायकांना नव्हे.

टिप्पर मी २०१५ साली मोडीत काढला. काचेवरची अक्षरं आधी ब्लेडनं खरवडून काढली. खाणी थांबल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात आमच्या विहिरीचा गाळ कमी होत गेला. तांब्याच्या तळाशी बोटभर बसायचा तो नुसती पुसट रेघ उरेपर्यंत उतरला. त्याच सुमारास इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात मला ती सत्तर वर्षं पुन्हा भेटली. यिर्मयाच्या पत्रातलीच. तिथं त्यांचं कारण दिलं आहे: लोकांनी जमिनीला तिच्या हक्काचे विसावे दिले नव्हते, दर सातव्या वर्षी पडीक ठेवायचा नियम पाळला नव्हता, म्हणून लोक देशाबाहेर असताना जमिनीनं आपले थकलेले विसावे भरून घेतले. मी ते वचन काकांना वाचून दाखवलं. ते उठून विहिरीवर गेले, पोहरा सोडला, पाणी ओंजळीत घेऊन उजेडात पाहिलं.

आता आमच्या तालुक्यात पुन्हा गाड्या धावू लागल्या आहेत. गेल्या आठवड्यात एक नवा टिप्पर दिसला, अजून नंबरही पडला नव्हता. काचेवर यिर्मया होता.